बिनबिब्ब्याचा कोट

गेल्या महिन्यात पुण्याहून एक गृहस्थ माझ्याकडे येऊन गेले. जुने लष्करी गणवेश जमवायचे आणि कोणता गणवेश कोणाच्या अंगावर होता ते शोधून काढायचं, हा त्यांचा नाद. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की वसमतमध्ये एका निवृत्त मास्तरणीच्या कपाटात लढाईच्या काळातला खाकी कोट आहे आणि तो पुढे एका पुढाऱ्याच्या सहायकाने वापरलेला आहे. त्यांनी पांढरे हातमोजे घातले, माझ्या जेवणाच्या टेबलावर स्वच्छ चादर अंथरली आणि दोन तास भिंग लावून कोट पाहिला. पितळेची चार बटनं, तिसरं मात्र हाडाचं. आतला सरकारी शिक्का धुण्याने गेलेला, नुसता वर्तुळाचा अर्धा काठ उरलेला. डाव्या बाजूला अस्तराच्या आत हिरव्या लुगड्याच्या तुकड्याचा चोरखिसा. शेवटी ते म्हणाले, "मॅडम, वस्तू अस्सल आहे. पण हा तुमच्या आजोबांचाच, याला पुरावा काय?" मी म्हणाले, "कॉलर उलटी करा. काय दिसतं?" त्यांनी पाहिलं. "काहीच नाही." "तोच पुरावा." बाई म्हातारपणाने चळल्या असं त्यांना वाटलं असावं, चहा न घेताच उठले. त्यांच्यासाठी आणि माझ्यामागे जे कोणी विचारतील त्यांच्यासाठी हे लिहून ठेवते आहे. माझी सत्तरी उलटली. या वयात माणसाने झालं गेलं विसरून गोड बोलावं अशी लोकांची अपेक्षा असते. या एका बाबतीत माझा तसा काही विचार नाही.

आमच्या घरात सगळ्यांची नखं पिवळी होती. आबा मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हळदीची पोती उचलायचे आणि माय हंगामात हळद शिजवायच्या आणि पॉलिश करायच्या कामाला जायची. तेव्हा पॉलिशचा ड्रम हाताने फिरवत. दोन बाया एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला, आणि आत हळकुंडांचा असा खडखडाट चाले की बोलायचं झालं तर ओरडूनच बोलावं लागे. माय घरी आली तरी तासभर ओरडूनच बोलायची. "सुजे, पीठ मळलंस का?" हे तिने उंबऱ्यातून विचारलं की तीन घरं पलीकडची बाई उत्तर द्यायची, "मळलं गं बाई, मळलं!" शिजत्या हळदीचा वास कपड्यांत, केसांत, भाकरीत, सगळीकडे असायचा. शाळेतल्या मुली मला 'हळदीची नवरी' म्हणून चिडवत. मी म्हणायची, नवरी तर नवरी, नवरा तेवढा तुम्ही शोधा, हुंड्याशिवायचा. तोंडाची मी पहिल्यापासून अशीच. मायला काळजी वाटायची की ही पोरगी कुणाच्या घरी नांदणार नाही. नांदले, पण तो या प्रकरणाचा विषय नाही.

घराचा कणा होती मोठी माय, म्हणजे आबांची आई. उंच, काळी, एका कानाची पाळी फाटलेली. चुलीपुढे बसून ती भाकरी थापायची तेव्हा तिच्या हातांच्या तालावर आमची भूक वाढत जायची. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल आणि तव्यावरच रगडलेला मिरचीचा ठेचा. ती भाकरी पानात टाकायची आणि त्यासोबत आज्याची एखादी गोष्ट टाकायची. आजा मी पाहिलेला नव्हता. तो पलटणीत होता, मोठ्या लढाईला जाऊन आला आणि येताना अंगावरचा कोट तेवढा घेऊन आला. नंतर तो वकीलसाहेबांकडे राहिला. वकीलसाहेब म्हणजे आमच्या भागातले निजामाच्या राज्यात तुरुंगात गेलेले आणि नंतर निवडणुका लढवलेले पुढारी. आजा त्यांची कातडी बॅग सांभाळायचा, बैलांच्या दमणीत त्यांच्या मागे बसायचा, कोणत्या गावात कोणाला आधी भेटायचं ते कानात सांगायचा, आणि भेटायला आलेल्यांपैकी कोणाला आत सोडायचं हेही तोच ठरवायचा. "औंढ्याचे पुजारी असो नाहीतर डोंगरकड्याचा पाटील असो," मोठी माय सांगायची, "आधी तुझ्या आज्याला इचारल्याबिगर साहेबाची भेट न्हाई. एडीशी व्हता त्यो."

या 'एडीशी'ने माझं बालपण खाल्लं. मला वाटायचं, आजा येडशी गावचा. गल्लीतही आम्हाला 'येडशीकर' म्हणत आणि म्हणताना 'येड' या अक्षरांवर मुद्दाम जोर देत. चौथीत असताना मी नकाशात येडशी शोधून काढली आणि मोठ्या मायला विचारलं, आजा एवढ्या लांबून चालत आला का? तिने हातातला उलथणा माझ्या गुडघ्यावर हाणला. "गाव न्हाई त्ये! एडीशी म्हंजे एडीशी!" याच्यापलीकडे तिलाही सांगता येत नव्हतं. साहेबांनी लोकांसमोर आज्याच्या खांद्यावर हात ठेवून हा शब्द म्हटला होता आणि तो तिने जसाच्या तसा जपून ठेवला होता.

आजा गेला दौऱ्यावर असताना. ताप भरला, नांदेडच्या दवाखान्यात नेला आणि तिथेच संपला. घरी त्याचा देह आला पण कोट आला नाही. तो वकीलसाहेबांच्या घरी खुंटीला राहिला. मोठी माय एकदा मागायला गेली, तर साहेब स्वतःच आजारी पडून होते आणि दारातल्या माणसाने नंतर ये म्हणून सांगितलं. नंतर ती गेली नाही. "दारातून माघारी यायला एकडाव पुरं," म्हणायची.

मी दहावीला असताना हैदराबादहून एक पेटी आमच्या शाळेत आली. वकीलसाहेब आणि त्यांच्या पत्नी दोघंही तोवर गेलेले. त्यांच्या मुलाने घर आवरताना वडिलांच्या वस्तू शाळेला पाठवल्या होत्या. चष्मा, दौत, काठी, एक फोटो आणि खाकी कोट. फोटोत साहेब उभे आहेत आणि त्यांच्या डोक्यावर छत्री धरलेली फक्त एक खाकी बाही दिसते. बाहीचा माणूस फ्रेमवाल्याने कापून टाकलेला. शाळेने या वस्तूंचं दालन करायचं ठरवलं. कोटासाठी सागवानी स्टँड बनवला. प्रत्येक वस्तूपुढे लावायच्या चिठ्ठ्या लिहायचं काम इतिहासाच्या कुलकर्णीबाईंनी मला दिलं, कारण शाळेत माझ्यासारखं अक्षर कुणाचं नव्हतं. हे मी विनय सोडून लिहिते आहे, पण खरं लिहिते आहे.

चष्म्याची चिठ्ठी झाली, दौतीची झाली. कोटासाठी बाईंनी चेअरमनसाहेबांकडून आलेला मजकूर दिला. चेअरमनसाहेब म्हणजे आमच्या संस्थेचे प्रमुख, आणि मोंढ्यात ज्यांच्या आडतीवर आबा पोती उचलायचे तेही हेच. मजकूर होता: 'वकीलसाहेबांचे ए. डी. सी. कै. बापूराव यांचा गणवेश.' बापूराव हे त्यांचे थोरले बंधू. मला एकेक अक्षर पुटपुटत लिहायची सवय. मी 'ए' काढला, 'डी' काढला, 'सी' काढला आणि हात थांबला. पुन्हा म्हटलं, जरा भरभर. एडीसी. बाईंना विचारलं, हे काय असतं? त्या म्हणाल्या, "मोठ्या माणसाचा खास सहायक. राज्यपालांकडे वगैरे असतो. वकीलसाहेब आपल्या माणसाला गमतीने तसं म्हणत." माझ्या कानशिलांत हळदीचा ड्रम फिरायला लागला. बाई, बोट दुखतंय, म्हणून मी चिठ्ठी अर्धी टाकून घरी पळाले.

मोठ्या मायला कोट आल्याचं मी सांगितलं नाही. नुसतं विचारलं, आज्याच्या कोटाला काय काय होतं? भाकरी उलटत ती म्हणाली, "तिसरं बटन हाडाचं. पितळंचं परभणीच्या सभेत तुटलं, मीच लावलं दुसरं. अन आतून चोरखिसा, माझ्या हिरव्या लुगड्याचा. साहेबाच्या चिठ्ठ्या ऱ्हायच्या त्यात. पोलिसांनी दोनदा झडती घेतली, खिसा घावला न्हाई." दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी कोटाची बटनं मोजली. तिसरं हाडाचं. अस्तराच्या आत हात घातला. लुगडं इतकं मऊ झालं होतं की बोटांना आधी कापड असल्याचं कळलंच नाही. मी तिथेच उभी राहून रडले. आणि रडून झाल्यावर मला प्रचंड राग आला. तो अजून पूर्ण गेलेला नाही.

मी बाईंना सांगितलं, बाईंनी हेडसरांना, आणि तिसऱ्या दिवशी हेडसरांच्या खोलीत आम्ही सगळे उभे होतो. खुर्चीवर चेअरमनसाहेब, टेबलावर कोट, भिंतीला टेकून आबा. आबा मोंढ्यातून तसेच आले होते, खांद्यावर पिवळा पंचा.

"मुंजाजी," चेअरमनसाहेब आबांना म्हणाले, "पोरगी काय म्हणून राहिली ही?"

"लेकरू हाय साहेब," आबा खाली बघत म्हणाले. "समजत न्हाई तिला."

मला त्या क्षणी आबांचा जेवढा संताप आला तेवढा चेअरमनसाहेबांचाही आला नाही. मी बटन सांगितलं, खिसा सांगितला. चेअरमनसाहेब हसले. "चिठ्ठ्या लिहायला कोट हिच्याच हाती दिला व्हता ना? बघून सांगून राहिली." हेडसरांनी मान हलवली. तेवढ्यावर ते थांबले असते तर हा कोट आज त्यांच्या भावाच्या नावाने काचेत असता. पण माणसाला आपल्या घरचा थाट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ते पुढे म्हणाले, "बापूरावदादा म्हंजे असा तसा माणूस नव्हता. दर बुधवारी हा कोट परटाकडं जायचा. आमच्या घरातला हातरुमालसुद्दा परटाच्या हाताखालून गेल्याबिगर अंगाला लागत न्हाई."

"मग बिब्बा कुठं आहे?" मी विचारलं.

वसमतमध्ये वाढलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. बिब्बा हे रानातलं काळं फळ. परीट त्यात सुई खुपसतो, काळं तेल निघतं, त्या तेलाने कॉलरीच्या आत किंवा धोतराच्या कोपऱ्यात त्या त्या घराची खूण करतो आणि वर चुना लावतो. कापड फाटेल पण खूण जात नाही. माझ्या शाळेच्या वाटेवर सखामामा परटाचं घर होतं आणि त्यांचं हे काम मी रोज उभी राहून बघायची. कोणत्या घराला कोणती खूण हे त्यांच्या डोक्यात होतं, कागदावर कुठेच नाही. चेअरमनसाहेबांच्या घराची दोन टिंबं आणि खाली आडवी रेघ.

"तुमच्या आत्ता अंगात आहे त्या सदऱ्यालाही असेल," मी म्हणाले. हेडसरांचा हात नकळत स्वतःच्या कॉलरीकडे गेला. बाईंनी कोटाची कॉलर उलटी केली. मग घेर पाहिला, बाह्यांचे काठ पाहिले. एक टिंबसुद्धा नव्हतं.

"पुसला असंल. किती वर्षं झाली," चेअरमनसाहेब म्हणाले आणि त्यांनी शिपायाला सखामामांना आणायला पिटाळलं. त्यांना खात्री होती. सखामामांची अर्धी भट्टी चेअरमनसाहेबांच्या घरच्या कपड्यांवर चालायची.

सखामामा ओल्या हातांनीच आले. हात धोतराला पुसले, कोट उचलला, कॉलर पाहिली. मग कोट पुढून पाहिला आणि बराच वेळ पाहतच राहिले.

"सखाराम, नीट बघ. जुनी गोष्ट हाय," चेअरमनसाहेब म्हणाले.

"मालक, बिब्बा जुना होत न्हाई," सखामामा म्हणाले. "हा माझ्या हातचा कपडा न्हाई. पर कोट वळखतो मी." ते माझ्याकडे वळले. "हिचा आजा आला व्हता हा कोट घिऊन, माझ्या दारात. हिंगोलीला साहेबाची मोठी सभा व्हती. म्हणला, सखाराम, एकडाव धुऊन दे, साहेबाच्या बाजूला उभं ऱ्हायचं हाय. त्या टायमाला आमी ह्यांच्या वस्तीतले कपडे घेत नव्हतो. मी म्हणलो, जमत न्हाई. त्याच्या तोंडाकडं बघायची हिंमत झाली न्हाई माझी. ह्या हाडाच्या बटनाकडं बघून बोललो मी. म्हणून ध्यानात हाय."

आबांनी पंचा तोंडाला लावला होता. हेडसर खाकरले आणि त्यांनी तोडगा काढला. दोन्ही नावं नकोत, वाद नको, 'वकीलसाहेबांच्या एका सेवकाचा कोट' असं लिहावं. चेअरमनसाहेब खिडकीबाहेर बघत "लिवा" म्हणाले. "ठीक हाय साहेब," आबा म्हणाले. परतताना मी आबांच्या दहा पावलं पुढे चालत होते. त्यांनी हाक मारली, मी वळले नाही.

घरी मी सगळं सांगितलं. मोठ्या मायने तवा उतरवला. "सेवक? पाणी द्यायला व्हता का त्यो तिथं? नाव न्हाई का त्याला?" मग ती आबांवर फिरली. "मुंजा, पोतं उचलताना वाकतोस त्ये मी रोज बघून राहिले. पोटासाठी वाकतोस, बराबर हाय. पर बापाचं नाव खाली ठिवायला कुणी सांगितलं तुला?" आबा जेवले नाहीत. मीही त्यांना जेवा म्हटलं नाही. आज लिहिताना त्या माणसाची तकलीफ मला कळते. ज्याच्या दारात रोज सकाळी हजेरी लावायची त्याच्यासमोर मान वर करणं मला सोपं होतं, कारण माझी हजेरी तिथे लागत नव्हती. पण हे कळायला मला स्वतः नोकरी करावी लागली, आणि तोवर आबा राहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम होता. सकाळी मी चप्पल घालत होते तेव्हा आबा मागे येऊन उभे राहिले. त्यांना लिहिता वाचता येत नव्हतं. खालच्या आवाजात म्हणाले, "सुजे, अक्षर मोठं काढ." आणि मोंढ्याकडे निघून गेले.

मी सखामामांच्या दारात थांबले आणि एक बिब्बा मागितला. "कशाला गं?" "नाव लिहायला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुरचुंडीतून आणखी दोन बिब्बे काढले, दाभण दिलं, माझ्या बोटांना खोबरेल चोळलं. "हाताला लागू दिऊ नको, उततो." शाळेत अजून कोणी आलेलं नव्हतं, फक्त शिपाई झाडत होता. मी स्टँडच्या पुढच्या फळीसमोर मांडी घालून बसले. सागवान नवं, पॉलिश न केलेलं, बिब्ब्याचं तेल ते पाणी प्यावं तसं पीत होतं. दाभणाने कोरत, तेल भरत मी लिहिलं: 'वकीलसाहेबांचे ए. डी. सी. मेसाजी लिंबाजी.' प्रत्येक अक्षर तीन बोटं उंच. 'सेवका'ची चिठ्ठी मी लिहिलीच नाही. शिपायाच्या तंबाखूच्या डबीतला चुना मागून वर फिरवला. कुलकर्णीबाई आल्या तेव्हा मी हात मागे लपवून उभी होते. त्यांनी वाचलं. वाचून झाल्यावर फळीपुढे ठेवलेली फुलांची कुंडी उचलली आणि बाजूला सरकवली.

दालनाचं उद्घाटन करायला बाहेरगावचे कोणी साहेब आले होते. त्यांना आमच्या गावातलं काहीच माहीत नव्हतं, आणि त्यांना जे दिसेल ते माईकवर मोठ्याने वाचायची सवय होती. चष्मा वाचला, दौत वाचली, काठी वाचली. मग त्यांनी कोटावरचा पडदा ओढला आणि भोंग्यातून सगळ्या मैदानाला ऐकू गेलं, "वकीलसाहेबांचे ए. डी. सी. मेसाजी लिंबाजी."

"व्हय!"

सगळ्यात मागे, पटांगणाच्या कडेला बायांमध्ये बसलेली मोठी माय उभी राहिली होती. शाळेत हजेरी घेताना द्यावी तशी तिने ओ दिली, नवऱ्याच्या वतीने. साहेब गोंधळले आणि त्यांनी पुन्हा वाचलं, आपलं काही चुकलं की काय म्हणून. ती पुन्हा म्हणाली, "व्हय!" मोंढ्यातले हमाल फाटकापाशी उभे होते, ते टाळ्या वाजवायला लागले. मी तिकडे पाहिलं. त्यांच्यात आबा होते आणि त्यांची मान वर होती.

चेअरमनसाहेब पुढे बरेच दिवस सांगत फिरत की मुंजाजीच्या पोरीने चांगल्या कार्यक्रमात बिब्बा घातला. हे ऐकून मला इतकं हसू यायचं! त्यांच्या कोटावर बिब्बा असता तर मला घालावा लागला नसता. शिपायाने ती फळी रॉकेलने पुसली, मग काचकागदाने घासली. वरचं सागवान गेलं, अक्षरं राहिली. तेल लावूनही माझी बोटं उतलीच. उजव्या हाताची तीन बोटं फुगून फोड आले, तीन आठवडे पेन धरता आलं नाही. अजून तिथली कातडी गुळगुळीत आहे. शाळा सोडताना सगळ्यांच्या दाखल्यावर वर्तणूक 'उत्तम' लिहिली, माझ्या दाखल्यावर 'ठीक'. पुढे मी तीस वर्षं त्याच जिल्ह्यात शिकवलं, आणि कोणत्याही पोराच्या दाखल्यावर 'ठीक' लिहिलं नाही. आबांना त्या आडतीवरून कमी केलं. ते मोंढ्याच्या दुसऱ्या टोकाला कामाला लागले आणि त्यांनी त्याबद्दल मला एक शब्द ऐकवला नाही.

आठवड्याभरात शिपाई वर्तमानपत्रात गुंडाळलेला कोट आमच्या घरी टाकून गेला. असल्या भानगडीचा कोट शाळेला नको, असा निरोप होता. मोठ्या मायने तो मांडीवर घेतला, चोरखिशात हात घातला आणि संध्याकाळपर्यंत काढला नाही. मायला घरात हळू आवाजात बोलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सखामामा आले. आमच्या उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "मावशी, कोट द्या. धुऊन आणतो. तुमच्या घराची खूणबी घालतो. जी सांगाल ती."

मोठ्या मायने कोट उराशी धरला. मग म्हणाली, "न्हाई सखाराम. धुवायचा न्हाई. अन खूण तर बिलकूल घालायची न्हाई. त्याच्या अंगावर नव्हती ती आता काहून?"

सखामामांनी मान खाली घातली. ते जायला निघाले तेव्हा तिने हाक मारली. "इस्तरी कर पायजे तर. हितं बसून कर. समद्यांच्या देखत."

ते घरी गेले आणि कोळशाची इस्तरी घेऊन परत आले. आमच्या दारात पोत्यावर कोट पसरून त्यांनी इस्तरी केली, आणि सगळी गल्ली, वरच्या आळीची माणसंसुद्धा, येता जाता बघत होती. हाडाच्या बटनाभोवती ते टोकाने अगदी जपून फिरवत होते. झाल्यावर मायने चहा दिला. आमच्याच कपात. ते उंबऱ्यावर बसून प्याले आणि कप विसळायला लागले, तर मोठ्या मायने तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

पुण्याच्या गृहस्थांचा परवा पुन्हा फोन आला. त्यांनी कुठेतरी वाचून काढलं की परटाच्या खुणा हा अभ्यासाचा विषय आहे, आणि आता त्यांना माझं म्हणणं पटतं आहे. कोट त्यांच्या संग्रहात द्यावा, नीट जपला जाईल, असं ते म्हणाले. मी म्हणाले, देते. पण स्टँडसकट न्यायचा. स्टँड अजून त्याच शाळेत आहे. दालन कधीच मोडलं, स्टँड स्टाफरूममध्ये उलटा करून ठेवला आहे आणि त्यावर पाण्याचा माठ असतो. मागच्या वर्षी झेंडावंदनाला गेले होते तेव्हा खाली वाकून पाहिला. मेसाजी लिंबाजी, डोकं खाली पाय वर, पण अक्षर न् अक्षर शाबूत.

"शाळा स्टँड देईल का?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही मागा तर," मी म्हणाले. "मागताना नाव पूर्ण घ्या."